को जागर्ति? निजामपुरा जागा आहे!

कोजागरीच्या रात्री लक्ष्मी दारोदार फिरते आणि विचारते, ‘को जागर्ति?’ कोण जागं आहे? इतर गावांत या प्रश्नाला वर्षातून एकदा, केशराचं दूध पीत पीत उत्तर देतात. भिवंडीत ते रोज रात्री दिलं जातं आणि तेही उभ्याने, मागापाशी, खटाखट आवाजात. लाखो यंत्रमाग, बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या. अर्धं शहर झोपतं तेव्हा उरलेलं अर्धं कामावर चढतं.

त्यातला निजामपुरा हा इतका जुना भाग, की त्याचं नाव थेट महापालिकेच्या पाटीवर आहे: भिवंडी-निजामपूर शहर महानगरपालिका. एखाद्या वस्तीने आख्ख्या शहराच्या नावात अशी जागा पटकावल्याची उदाहरणं फार नाहीत.

पब आणि डिस्को शोधत कुणी भिवंडीला येत नाही, हे खरं. पण म्हणून इथे रात्री बघायला, बसायला, रमायला काही नाही असं कुणी म्हणालं की मला त्याचा हात धरून त्याला गल्लीगल्लीतून फिरवावंसं वाटतं. आज तेच करते. फक्त आधी एक सांगा, आज तुमचा मूड काय आहे?

आधी वार बघा

जगाची मौजेची रात्र शनिवारची, आमची गुरुवारची. भिवंडीत शुक्रवारी माग बंद. त्यामुळे गुरुवारी रात्री नाक्यावर जी वर्दळ असते ती रविवारच्या चौपाटीला लाजवेल. न्हाव्याकडे रांग, मोबाइल रिचार्जवाल्याकडे रांग, गावी पैसे पाठवणाऱ्यांची रांग. मागांच्याच मालेगावचंही असंच. हिंदी सिनेमा शुक्रवारी प्रदर्शित होतो आणि तोच मालेगावच्या कारागिराच्या सुट्टीचा वार. त्या गावाचं सिनेमावेड इतकं पुढे गेलं की तिथल्या पोरांनी स्वतःचा सुपरमॅन काढला आणि त्यावर ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपटही झाला.

थोडक्यात, माणसांचा पूर हवा असेल तर गुरुवार. शांत टेबल हवं असेल तर मंगळवार-बुधवार.

एकटं बसायचंय, पण एकटं पडायचं नाहीये

यासाठी चहाचं हॉटेल. हॉटेल म्हणजे चार बाकडी, एक मोरी, एक भट्टी. रे ओल्डनबर्ग या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने 1989 साली एका पुस्तकात अशा जागांना ‘तिसरी जागा’ म्हटलं. पहिली घर, दुसरी काम आणि तिसरी ही, जिथे कुणी कुणाचा साहेब नसतो आणि कितीही वेळ बसलं तरी चालतं. दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने झोपणाऱ्या कारागिरासाठी तर हीच पहिली जागा ठरते. त्याचं घर उत्तर प्रदेशात नाहीतर बिहारमध्ये असतं, खोलीतला त्याचा बिछाना त्या घटकेला दुसऱ्याच्या पाठीखाली असतो, मग राहतं ते हे बाकडं.

रात्री दीडच्या सुमाराचं दृश्य सांगते. कारखान्यातून एक जण चहाला बाहेर येतो. भुवयांवर, पापण्यांवर, दंडाच्या लवेवर कापसाचा पांढरा भुरका. बसण्याआधी तो मान खाली घालून केस दोन्ही हातांनी झटकतो, दिव्याच्या उजेडात ते तंतू हळूहळू खाली येतात, आणि चहावाला न विचारता ग्लासावर बशी ठेवतो. कुणाच्या तरी चहात रुई पडू नये म्हणून. तो पहिला घोट घेतो तेव्हा कुणाशीच बोलत नाही. हॉटेलातलं कुणी त्याला बोलायला लावतही नाही.

मी भावाबरोबर असे कितीतरी चहा प्यायले आहे. ‘बेटी, कट देऊ की फुल?’ याच्या पलीकडे चहावाल्या चाचांनी कधी काही विचारलं नाही. मन जड असेल तेव्हा यापेक्षा जास्त चौकशी नकोही असते.

बोलायचंय की नुसतं बघायचंय?

जागा निवडताना लोक खाणं बघतात, सजावट बघतात. मी म्हणते, आधी कान लावा.

निवासी भागात रात्रीची आवाजाची कायदेशीर मर्यादा 45 डेसिबल. मागाच्या शेडमध्ये सहज 90च्या वर. डेसिबलची गंमत अशी, की 10ने आकडा वाढला की आवाजाची तीव्रता दहापट होते. म्हणजे 45 आणि 90 यांत ‘दुप्पट’चा नव्हे, हजारोपटींचा फरक.

आता हे बघा. 2008 साली फ्रान्समधल्या बारमध्ये संशोधकांनी संगीत 72 डेसिबलवरून 88वर नेलं. तरुण मुलं जास्त प्यायली आणि प्रत्येक ग्लास लवकर संपवला. बोलता येत नसलं की हात ग्लासाकडे जातो, हे त्यामागचं एक स्पष्टीकरण. आणि 1911 साली एत्येन लोम्बार या फ्रेंच कान-घशाच्या डॉक्टरने दाखवून दिलं, की आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज चढवतो. त्याने चढवला की शेजारचा चढवतो. भरलेल्या हॉटेलात दहा वाजता ऐकू येणारं बोलणं अकराला ओरडणं का होतं, ते या लोम्बार परिणामामुळे.

मागापाशी ओरडूनही उपयोग नसतो. म्हणून कारागीर हाताने बोलतात. दोन बोटं ओठांपाशी नेली की चहा, मूठ वळवली की माग बंद कर. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरणी कामगार बायकांनी तर ओठांच्या हालचालींची एक आख्खी बोली घडवली होती. तिचं नाव ‘मी-मॉ’. शेडच्या या टोकाची बाई त्या टोकाच्या बाईशी एक अक्षर न उच्चारता सुखदुःखाचं बोलायची.

भिवंडीला भारताचं मँचेस्टर म्हणतात, म्हणून त्या मँचेस्टरचंही ऐका. 1982च्या मे महिन्यात तिथे ‘हासिएंडा’ नावाचा नाइटक्लब उघडला आणि कापडाच्या गिरण्या थंडावलेल्या त्या शहराला नवी ओळख मिळाली, संगीताची. त्याच वर्षी, 18 जानेवारीला, मुंबईत दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले होते. गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या उभ्या राहिल्याच नाहीत. काम भिवंडीच्या मागांकडे वळलं आणि परळ-लोअर परळच्या गिरण्यांच्या जागी पुढे मॉल, रेस्टॉरंट, पब आले. मुंबईची आजची झगमगती रात्र आणि भिवंडीची खटाखट रात्र या एकाच संपाच्या दोन बाजू आहेत. लोअर परळच्या कमला मिलच्या आवारात बसून कुणी भिवंडीला ‘तिकडे काय आहे रात्रीचं?’ असं विचारलं की मला हे आठवतं.

चौघंच आहोत

उत्तम! रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने लोकांच्या गप्पा मोजल्या. एका वेळी एका गप्पेत साधारण चार माणसं टिकतात. पाचवा आला की गप्पा फुटतात आणि दोन गट होतात. म्हणून सहा जणांचं टेबल घेऊन ‘आज सगळ्यांशी मनसोक्त बोलू’ असं ठरवू नका.

आणि चौघांसाठी निजामपुऱ्यात कॅरम आहेच. फळीला बाजू चार, खेळाडू चार, सोंगट्या 19: नऊ काळ्या, नऊ पांढऱ्या, एक राणी. स्ट्रायकर 15 ग्रॅमपेक्षा जड चालत नाही. वर लोंबणारा एक दिवा, त्याच्या उजेडात बोरिक पावडरीचा धूर आणि भोवती उभे राहून फुकट सल्ला देणारे आठ-दहा जण. नव्या शहरात ओळखी नसतील तर कॅरमपाशी जाऊन उभे राहा. अर्ध्या तासात कुणी तरी ‘खेलेगा क्या?’ विचारतंच. ज्यांना सलग डोळ्यांत बघून बोलायचा ताण येतो त्यांच्यासाठी यासारखी सोय नाही. नजर फळीवर, मन गप्पांत.

पोटात आग आहे

निहारी ही रात्रभर मंद आचेवर शिजते आणि पहाटे खाल्ली जाते. तिचं नाव ‘नहार’ म्हणजे दिवस, सकाळ यावरून आलं. आणि आपली मराठी ‘न्याहारी’? तीही याच कुळातली! आजी ज्वारीची भाकरी आणि ठेचा बांधून शेतावर न्यायची, तो शब्द आणि भिवंडीतल्या तीन बत्तीच्या बाजूला पहाटे देगचीतून वाढली जाणारी नल्ली निहारी, या दोघी बहिणी निघाल्या. मला हे कळलं त्या दिवशी फार आनंद झाला होता. ज्याला त्याला सांगत सुटले होते.

अजून एक शब्द. ‘भिशी’ म्हटलं की बाकी महाराष्ट्राला बायकांनी दरमहा पैसे घालून चिठ्ठी काढायची ती भिशी आठवते. भिवंडीत भिशी म्हणजे कारागिरांची खानावळ. डाळ, भात, रोटी, कधी गोश्त. हिशेब वहीत, पैसे पगाराला. मुंबईतल्या गिरणगावात असंच काम घरोघरच्या बायका करायच्या. त्यांनाच एकत्र करून प्रेमा पुरव यांनी 1975 साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं. भिशीत बाहेरच्या पाहुण्याला सजावट मिळणार नाही, पण ‘और रोटी?’ हा प्रश्न नक्की मिळेल.

रमजानची रात्र मात्र वेगळीच. तरावीहची नमाज सुटली की बाजार सुरू होतो तो पहाटेच्या सहरीपर्यंत. मैद्याचं नि अंड्याचं पीठ पसरट कढईत पळीने गोल सोडतात, कडा आधी जाळीदार होतात, मग लालसर, मग मधला भाग फुगतो. त्या क्षणी झारा खाली घालून मालपुवा उलटायचा. एक सेकंद उशीर झाला तर कड कडू. झारा धरणारा कारागीर गर्दीकडे बघतच नाही, त्याचे डोळे त्या कडेवर.

रमजान दर वर्षी साधारण 11 दिवसांनी अलीकडे सरकतो आणि सुमारे 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. 2030 साली तर एकाच इंग्रजी वर्षात दोनदा रमजान सुरू होईल, जानेवारीत आणि डिसेंबरच्या अखेरीस. थंडीत गरम मालपुवा खायचा असेल तर आत्ताच कॅलेंडरवर खूण करून ठेवा.

बायकांसाठी एक खास गोष्ट. मध्यरात्री आईचा, सासूचा, लहान मुलींचा हात धरून बिनधास्त फिरता येणाऱ्या ज्या थोड्या रात्री आमच्या शहरात आहेत, त्यांत या रात्री येतात. बांगड्या, ओढण्या, कुर्ते, चपला. बारा वाजता भाव करणाऱ्या बायकांचा आवाज ऐकला की बरं वाटतं.

गर्दीत विरघळून जायचंय

मग निजामपुरा सोडून थोडं बाहेर चला. भिवंडीभोवतीची काल्हेर, कशेळी, अंजूर, पिंपळास ही आगरी माणसांची गावं. तिथल्या हळदीला बोलावणं आलं तर काहीही करून जा. लग्नाच्या आदल्या रात्रीचा हा सोहळा लग्नाहून मोठा. आधी धवलारीण. ही बाई धवले गाते, घरच्या देवांना, पूर्वजांना, नात्यातल्या एकेकाला गाण्यातून बोलावते आणि लग्नाचे विधीही तिच्याच गाण्यावर चालतात. सगळं तोंडपाठ. कागद नाही. तिच्यानंतर मांडवात येतो बेंजो.

हा बेंजो माझा आवडता किस्सा. 1912 साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसाने टाइपरायटरसारख्या कळा लावलेलं एक तंतुवाद्य बनवलं. त्याच वर्षी जपानमध्ये ताइशो राजवट सुरू झाली, म्हणून त्याचं नाव ताइशोगोतो. ते हिंदुस्थानात आलं आणि बुलबुल तरंग झालं, मग मुंबई-कोकणात त्याला लोक बेंजो म्हणू लागले. आज ‘बेंजो पार्टी’शिवाय हळद होत नाही आणि मिरवणूक हलत नाही. गंमत पुढेच आहे. तेच वाद्य दर्ग्यातल्या कव्वालीतही हार्मोनियमच्या शेजारी बसतं. दर्गा रोडवर दिवानशाह बाबांच्या उरुसाला आणि काल्हेरच्या मांडवात, वाद्य एकच. नाचायचा मूड असेल तर मांडव, डोळे मिटून डोलायचा मूड असेल तर कव्वाली.

तिसरी गर्दी पद्मनगर-कामतघरच्या बाजूला. तेलंगणातून विणकाम करत आलेल्या पद्मशाली समाजाची ही वस्ती. भाद्रपद अमावास्येपासून नऊ दिवस बतुकम्मा. तरवडाची पिवळी आणि कुर्डूची गुलाबी-पांढरी फुलं एकावर एक रचून फुलांचा मनोरा करायचा, त्याभोवती बायकांनी गोल धरायचा आणि गायचं. मुळात वाद्यं नसतातच, टाळ्या हाच ताल. शेवटी फुलं पाण्यात सोडायची. वऱ्हाळ तलाव जवळ असल्याचं इतकं सुख दुसऱ्या कुठल्या रात्री वाटत नाही.

नुसतं ऐकत बसायचंय

मुशायरा. पूर्वी शमादान ज्याच्यापुढे सरकेल त्याने वाचायचं, आता माइक सरकतो. क्रम मात्र पक्का: नवखे आधी, बुजुर्ग नंतर, अध्यक्ष सर्वांत शेवटी. म्हणजे सगळ्यात चांगलं ऐकायचं तर शेवटपर्यंत थांबावंच लागतं. गळ्यावर म्हटलं तर ‘तरन्नुम’, साधं वाचलं तर ‘तहत’. ओळ आवडली की ‘मुकर्रर!’ म्हणायचं, मग शायर ती पुन्हा म्हणतो. लाजाळू माणसाला हा फार सोपा शिष्टाचार आहे. एक शब्द बोललं की आपण मैफलीत सामील.

आणि हे शहर कवितेच्या नकाशावर आजचं नाही. प्रगतिशील लेखक संघाची अखिल भारतीय परिषद 1949च्या मे महिन्यात भिवंडीत भरली होती. तिथे संमत झालेला जाहीरनामा इतका जहाल होता की उर्दू-हिंदी साहित्याच्या इतिहासात त्यावर अजून वाद होतात. भिवंडीचे जुने कोकणी मुसलमान तर घरात मराठीचीच एक बोली बोलतात. उर्दू शेराला दाद देऊन घरी जातात आणि आईशी कोकणीत बोलतात.

मन कडू झालंय

मे 1970 आणि मे 1984. या दोन दंगलींमुळे भिवंडीचं नाव देशभर झालं ते भीतीने. संचारबंदीच्या रात्री कशा असतात ते इथल्या मोठ्या माणसांना विचारा. मागसुद्धा गप्प.

1988 साली पोलीस उपायुक्त म्हणून सुरेश खोपडे इथे आले. त्यांनी मोहल्ला कमिट्या सुरू केल्या. एका वस्तीतले हिंदू-मुसलमान, माग मालक, फेरीवाले, गृहिणी, बीटचा हवालदार, सगळ्यांनी ठरावीक दिवशी एकत्र बसायचं आणि बोलायचं. नळाचं पाणी, भांडणं, अफवा, सगळं. हवालदार नावानिशी ओळखीचा झाला. डिसेंबर 1992 आणि जानेवारी 1993मध्ये मुंबई जळत होती तेव्हा भिवंडी शांत राहिली.

मी या गोष्टीला रात्रीच्या जागांच्या यादीत हट्टाने घालते. जिच्याशी बिनसलंय त्या व्यक्तीबरोबर जायला मोठ्या आवाजाची, अंधाऱ्या उजेडाची जागा निवडू नका. समोरासमोर खुर्च्या, मध्ये चहा, भरपूर उजेड. मोहल्ला कमिटीने वापरलं ते एवढंच सामान.

शांतता हवी आहे

खरी शांतता भिवंडीकराला झोपू देत नाही! लहानपणी लोडशेडिंगमध्ये रात्री वीज गेली की आख्ख्या गल्लीचे माग एकदम थांबायचे आणि त्या शांततेने आम्ही दचकून जागे व्हायचो. मग कारागीर बाहेर येऊन ओट्यांवर बसायचे, कुणी गावाकडची गाणी म्हणायचं, बायका खिडकीत यायच्या. वीज आली की पहिला माग खट्ट करायचा, मग दुसरा, मग सगळे, आणि आम्ही गाढ झोपायचो. 26 जानेवारी 2007 रोजी भिवंडीचं वीजवितरण टोरंट पॉवरकडे गेलं. वीजवितरणाची फ्रँचायझी देण्याचा हा देशातला पहिला प्रयोग. त्यानंतर त्या अंधाऱ्या मैफली हळूहळू बंद झाल्या.

अंगच आंबून गेलं असेल तर वज्रेश्वरी. ते आमच्याच तालुक्यात. वसईची मोहीम फत्ते झाली तर देऊळ बांधीन असं चिमाजी अप्पा बोलले, 1739 साली वसई पडली आणि देऊळ उभं राहिलं, किल्ल्यासारखं, उंच पायऱ्यांचं. जवळच अकलोली आणि गणेशपुरीला तानसा नदीकाठी गरम पाण्याची कुंडं. जागरणानंतर पहाटे त्या पाण्यात पाय सोडावेत.

निघण्याआधी तीन गोष्टी

पहिली, घड्याळ. लाउडस्पीकर रात्री 10 ते सकाळी 6 बंद. सरकारने ठरवून दिलेल्या वर्षातल्या जास्तीत जास्त 15 दिवशी तो 12पर्यंत चालतो. दुकानांना मात्र 2017च्या महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायद्याने 24 तास उघडं राहायची वाट मोकळी केली. दारूच्या जागांना ती मोकळीक नाही, म्हणजे मध्यरात्रीनंतरचा मान कायद्यानेही चहाचाच.

दुसरी, दार. 28-29 डिसेंबर 2017च्या मध्यरात्री कमला मिलमधल्या गच्चीवरच्या पबांच्या आगीत 14 जण गेले. कुठेही बसा, पब असो की पत्र्याचा मांडव, बाहेर पडायचा दुसरा रस्ता आधी बघून ठेवा आणि सोबतच्यांना दाखवा.

तिसरी, परतीची वाट. भिवंडी रोड स्टेशन वसई-दिवा मार्गावर आहे, पण मुंबईची लोकल तिथे येत नाही. मेट्रो 5चं भूमिपूजन डिसेंबर 2018मध्ये झालं, काम सुरू आहे. तोवर कल्याण स्टेशनवर शेवटच्या लोकलने उतरायचं आणि बाहेर शेअर रिक्षाचा आवाज शोधायचा. दुर्गाडीचा पूल, कोनगाव, मग कल्याण नाका. पुलावर खाडीचा वारा लागतो, रिक्षातले अनोळखी तिघे गप्प होतात, आणि नाका जवळ आला की इंजिनाच्या आवाजाखालून मागांचा आवाज वर येऊ लागतो. पुढच्या सीटवरचा पोरगा डबा मांडीवर सावरतो. त्याची पाळी आता सुरू व्हायची असते.